उठता उठता दिलेली मते

चित्रपट संपून दिवे लागले, की शेजारचे माणूस विचारते, "काय, कसा वाटला?" आणि आपण चपलेत पाय सरकवीत उत्तर देतो, "बरा होता. मध्ये जरा लांबला." जिना उतरेपर्यंत या मताला आणखी दोन-चार शेपटे फुटतात. नायिकेचे काम झकास, गाणी नसती तरी चालले असते, शेवट मात्र पटला नाही. रिक्षा मिळेपर्यंत निकालपत्र तयार होते आणि घरी पोचल्यावर पिठले टाकायचे की भातावर भागवायचे, या अधिक महत्त्वाच्या विषयाकडे मंडळी वळतात.

अशी मते देण्यात मी कोणाच्या मागे नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. चित्रकलेचे शास्त्र मी पोटापुरते शिकलो आणि चित्रपटाचे तर तेवढेही नाही. परंतु मत देण्यास शिक्षण लागते, असे कोणी म्हटले आहे? शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत चहाच्या एका कपावर मी आजवर शेदीडशे चित्रपटांचा निकाल लावला असेल. त्यातली बहुतेक मते विसरली गेली, हे चित्रपटांचेही भाग्य आणि माझेही. एक मत तेवढे विसरले गेले नाही. त्याची हकीकत सांगावी म्हणूनच हा लेख लिहितो आहे. ओघात अलीकडे पाहिलेल्या इतर चित्रपटांविषयीही बोलेन.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला. त्या आठवड्यातच मी तो पाहिला आणि सोमवारी आठवीच्या वर्गावर गेलो. तास चित्रकलेचा. एका मुलाने विचारले, "सर, फँड्री बघितला का?" मी फळ्यावर सुरई काढीत होतो. खडू न थांबवता म्हणालो, "बघितला. छान आहे. शेवट मात्र जरा जास्त झाला. एवढा दगड मारायची काय गरज होती?" दगडाचे नाव निघताच पोरे हसली. मीही हसलो आणि सुरईला कान काढला.

तास संपल्यावर तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. चित्र दाखवायला आला असेल, असे मला वाटले. वही उघडलीच नाही. हळू आवाजात म्हणाला, "सर, मग त्यानं काय करायला पाहिजे होतं?"

मला उत्तर सुचले नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि त्या घंटेचे मी मनोमन आभार मानले. "पुढच्या वेळी बोलू," असे म्हणून मी वर्गाबाहेर पडलो. ती पुढची वेळ काही आली नाही. त्यानेही विचारले नाही. त्याच्या घरची मंडळी गावात कोणती कामे करतात, हे मला ठाऊक होते. वर्गातही सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे तो प्रश्न कोठून आला, हे कळायला मला वेळ लागला नाही. लाज वाटायला मात्र बराच लागला.

यंदा मी 'फँड्री' पुन्हा पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जब्या हा शाळकरी पोरगा. कैकाडी समाजातला. वर्गातल्या शालूवर त्याचे मन जडलेले. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली, की माणूस वश होतो असे त्याने ऐकले आहे आणि गलोल घेऊन तो त्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो. बाप कचरू गावात डुकरे धरण्याचे काम करतो. ती भूमिका किशोर कदम यांनी अशी केली आहे, की या बापाला पाठीचा कणा आहे की नुसताच वाक, असा प्रश्न पडावा. शेवटी गावाच्या जत्रेच्या दिवसांत सारे कुटुंब डुक्कर धरायला उतरते, तेही शाळेच्या आसपास, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, मग घरचेही उभे राहतात आणि डुक्कर निसटते. पुढे ते सापडते. बांबूला बांधलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेची भिंत दिसते आणि त्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे. आमच्या शाळेच्या भिंतीवरही ही चित्रे आहेत. त्यांतली दोन मीच रंगवलेली आहेत.

दुसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली आणि ती पहिल्यांदा कशी निसटली, याचेच नवल वाटले. ती डुकराची धरपकड गमतीची आहे. माणसे घसरतात, धावतात, ओरडतात. चित्रपटातला गाव कडेला उभा राहून जत्रेतल्या खेळासारखी ती गंमत पाहतो, खिदळतो. आणि चित्रपटगृहात बसलेले आम्हीही हसलो होतो. मला पक्के आठवते, माझ्या ओळीतली सगळी खुर्च्यांवर डुलत होती. म्हणजे दिग्दर्शकाने आम्हाला आधी त्या गावकऱ्यांत नेऊन उभे केले आणि मग जब्याने दगड फेकला. तो दगड पडद्यावरच्या कोणा एकाला लागत नाही. तो समोर येतो, पाहणाऱ्यावर. शेवट जास्त झाला, असे मला का वाटले, याचे उत्तर इतके सोपे आहे. तो मला लागला होता.

ही गोष्ट लक्षात आल्यापासून मला आपल्या सगळ्यांच्याच जिन्यावरच्या मतांविषयी थोडा संशय येऊ लागला आहे. 'जरा लांबला', 'अती झाले', 'एवढे दाखवायला नको होते', ही वाक्ये आपण चित्रपटाविषयी म्हणून बोलतो. पुष्कळदा ती आपल्याविषयी असतात. चित्रपटाने जिथे बोट ठेवले तिथून अंग काढून घेण्याचा तो सभ्य मार्ग असतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. २०१४ चा हा चित्रपट, व्हेनिसला गौरवलेला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. माझ्या ओळखीतल्या दहांपैकी आठ जणांनी त्याच्याविषयी एकच मत दिले, "फार संथ." आणि ते खोटे नाही. नारायण कांबळे या वृद्ध शाहिरावर खटला भरला आहे, की त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने जीव दिला. ही भूमिका करणारे वीरा साथीदार २०२१ साली करोनाच्या साथीत गेले. खटला चालतो, म्हणजे पुढच्या तारखा पडतात. कॅमेरा एका जागी बसून राहतो, साक्षीदारांच्या बाकावर बसलेल्या, घाई नसलेल्या माणसासारखा. ज्याने कधी तालुक्याच्या कचेरीत सातबाऱ्यासाठी दिवस काढला आहे, त्याला हा संथपणा ओळखीचा वाटेल. पडद्यावर दोन मिनिटे जात नाहीत म्हणून आपण चुळबुळतो. कांबळ्यांचे महिने जात आहेत, याचे आपल्याला काही वाटत नाही. दिग्दर्शकाला नेमके हेच सांगायचे असेल, तर 'संथ' हा दोष कसा?

त्या मृत कामगाराच्या बायकोची साक्ष मी विसरू शकत नाही. ती भूमिका करणारी बाई व्यवसायाने नटी नाही आणि म्हणूनच की काय, रडण्याची तिला गरज वाटत नाही. नवरा गटारात उतरण्यापूर्वी खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आले तर आत श्वास घेता येईल असे समजायचा, हे ती असे सांगते, जसे आपण बाजारातल्या भाजीचे भाव सांगावेत. सरकारी वकीलबाईंचे काम गीतांजली कुलकर्णी यांनी केले आहे. त्या कोर्टात कलमे वाचतात आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. दुष्ट म्हणावे तर त्यांच्यात दुष्टपणाचा लवलेश नाही. आपल्याच घरातली एखादी कर्तीसवरती वहिनी वाटावी. शेवटी उन्हाळ्याच्या सुटीसाठी कोर्ट बंद होते, दिवे मालवले जातात आणि अंधारलेल्या खोलीत आपण बसून राहतो. वाटते, संपला. तर पुढे न्यायाधीशसाहेब कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेले दिसतात. बाकावर त्यांना डुलकी लागते, पोरे ओरडून जागे करतात आणि साहेब एका पोराला थप्पड मारतात. माझ्या एका स्नेह्याने विचारले, "तो सहलीचा तुकडा कशाला घातला?" मी म्हटले, "सुटीत आपणही सहलीला जातो, म्हणून."

या दोन्ही कथा रचलेल्या. आता ज्यांत काही रचलेले नसते अशा चित्रपटांकडे वळू. आमच्या लहानपणी त्यांना कोणी चित्रपट म्हणतच नसे. फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था १९४८ साली निघाली आणि तिचे वार्तापट, अनुबोधपट चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखवणे सक्तीचे होते. धरण, रोपवाटिका, पूरग्रस्तांची पाहणी. त्या वेळात लोक बाहेर जाऊन शेंगदाणे घेत. माझे वडील मात्र आतच बसत. "पैसे दोन्हींचे दिलेत," असे ते म्हणत. आता ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे आणि सक्तीही कधीच गेली. आता अनुबोधपट घरातल्या पडद्यावर येतो, बक्षिसे मिळवून येतो आणि आपण तो हौसेने पाहतो. दिवस पालटले, हे चांगलेच झाले.

खरे तर आपल्या मुलखात या जातीच्या चित्राचा मान पहिला आहे. हरिश्चंद्र भाटवडेकर तथा सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती टिपली. त्यात नट नव्हते, दोन पैलवान होते. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली दाखवला, परंतु त्याआधी भांडवल देणाऱ्याला खात्री पटावी म्हणून त्यांनी काय चित्रित केले होते? कुंडीतल्या वाटाण्याचे रोप. रोज थोडे थोडे, अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या २००९ च्या गोड चित्रपटात फाळक्यांचा तो सारा खटाटोप पाहायला मिळतो. घरातल्या लहानांना या सुटीत दाखवण्याजोगा याहून चांगला चित्रपट मला सुचत नाही. फाळक्यांचे अर्धे भांडवल सरस्वतीबाईंचा धीर हे होते, हे त्यात मोठ्यांनाही कळेल.

तर अनुबोधपट. कार्तिकी गोन्साल्विस यांच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला २०२३ साली ऑस्कर मिळाले, तेव्हा आमच्याकडे घरोघर तो पाहिला गेला. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या रानात बोम्मन आणि बेल्ली हे जोडपे पोरक्या हत्तीच्या पिलाला वाढवते. रघू त्याचे नाव. त्याला न्हाऊमाखू घालतात, रागे भरतात आणि पुढे मोठा झाल्यावर तो त्यांच्याकडून काढून दुसऱ्याच्या हाती दिला जातो. चाळीस-एक मिनिटांत डोळ्यांना पाणी येते. माझ्याही आले. पण माझी तक्रार चित्रपटाकडे नाही, त्या पाण्याकडे आहे. ते फार लवकर आले आणि फार लवकर वाळले. 'किती गोड!' असे म्हणून आम्ही उठलो. पिलू कळपापासून तुटले कशामुळे, रान आटते आहे का, आणि ज्यांनी त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले त्यांना ते नेताना विचारले का, यांतले काही आमच्या तोंडी आले नाही. 'अती झाले' हे जसे अंग काढून घेणे, तसे 'किती गोड' हेही असू शकते.

शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ चा अनुबोधपट गोड म्हणता येत नाही. दिल्लीच्या वझिराबादेत नदीम आणि सौद हे दोघे भाऊ घराच्या तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. घर कसले, एका बाजूला कारखानदारीची यंत्रे, दुसऱ्या बाजूला खोक्यांत घारी. सालिक नावाचा त्यांचा मदतनीस आहे. एक घार झडप घालून त्याचा चष्माच उचलून नेते, तेव्हा मनापासून हसू येते. बाकी सारा वेळ धुरकट आकाश, त्यातून खाली पडणारे पक्षी आणि भिंतीपलीकडून येणारे अस्वस्थ शहराचे आवाज. भाऊ आपसांत कुरबुरतात, पैसे पुरत नाहीत, तरी खोकी येतच राहतात. कोणी कोणाला उपदेश करीत नाही.

या चित्रपटाची गोष्ट मी चित्रकलेच्या तासाला सहावीच्या मुलांना सांगितली आणि घार काढायला दिली. घारी कशाने पडतात, तर पुष्कळशा पतंगाच्या मांज्याने पंख कापून पडतात, हेही सांगितले. तासभर मुले मान खाली घालून काढीत होती. शेवटी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या दादाकडं तसलाच मांजा आहे." नायलॉनच्या मांज्यावर हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे, पण माळ्यावरच्या फिरकीला ती बातमी कळलेली नसते. मी त्या मुलीला काहीच बोललो नाही. तिने चित्रपट पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. तरी या अनुबोधपटावर मी वाचलेल्या-ऐकलेल्या मतांत तिचे मत मला सर्वांत नेमके वाटते. चित्रात आपले घर कोठे आहे, ते तिने ओळखले.

एवढ्यावरून कोणी समजेल, की उठता उठता दिलेली मते सगळीच पोकळ असतात. तसे नाही. त्याचेही उदाहरण देतो. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांचा मोठा पुरस्कार घेऊन आला आणि सप्टेंबरात आपल्याकडे लागला. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. वय झाले, लग्न का करीत नाहीस, ही नातलगांची भुणभुण सुरू होते. लहानपणीचा सवंगडी बाळ्या भेटतो आणि त्या दोघांतला जिव्हाळा मैत्रीच्या पुढचा आहे, हे हळूहळू उलगडत जाते. आरडाओरड नाही, पार्श्वभूमीला सनया-सारंग्या नाहीत. शेरडे, बांध, दुपारचे ऊन आणि दु:खात सुद्धा चालू राहणारा गावचा हिशेबीपणा.

हा चित्रपट मी आईबरोबर पाहिला. खरे सांगायचे तर विषय कळल्यावर मी मनातून चरकलो होतो. आईचे वय पंचाहत्तर, सगळी हयात खेड्यात गेलेली. मध्यंतरात तिच्याकडे बघण्याचे मी टाळले. खेळ संपला. जिना उतरताना तिने माझ्या दंडाला धरले होते. मी विचारले नाही, तिनेच सांगितले, "त्या बाईनं पोराला एकटं पडू दिलं नाही बघ."

एवढेच. पुढे तिने गुडघ्यांचा विषय काढला. पण त्या एका वाक्यात आनंदच्या आईची सगळी भूमिका आली. नवरा गेलेला, भोवती दीर-जावांचा गोतावळा, आणि त्यांत लेकाला कोणी टोचू नये म्हणून हळूच मध्ये उभी राहणारी ती बाई. मी पुत्राकडे पाहत होतो. आईने आईकडे पाहिले. हेही जिन्यावरचेच मत होते, तेही चपला पायांत असतानाचे. फरक कसला? तिने चित्रपटाला गुण दिले नाहीत. त्यातल्या एका माणसाशी ती बोलून आली.

तेव्हा वाचकहो, मते द्यायची सोडा असे मी म्हणत नाही. दिवाळीच्या फराळाला चित्रपटांच्या गप्पा नसतील तर चकलीसुद्धा मऊ लागेल. माझे म्हणणे इतकेच, की 'लांबला', 'अती झाला' किंवा 'किती गोड' हा शब्द ओठांवर आला, की क्षणभर थांबावे आणि या चित्रात आपण कोठे उभे होतो, ते आठवून पाहावे. कडेला उभे राहून हसणाऱ्यांत होतो का? सहलीला गेलेल्यांत होतो का? आपल्या माळ्यावर फिरकी आहे का? एवढे करून मग वाईट म्हणायचे तर खुशाल म्हणावे. वाईट चित्रपटही पुष्कळ असतात आणि त्यांना वाईट म्हणणारे कोणीतरी हवेच.

'फँड्री' दुसऱ्यांदा पाहिल्यानंतर महिन्याभरात तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा मला एस. टी. स्थानकावर भेटला. आता त्याला मुलगा म्हणवत नाही. अंगाने भरलाय, वीज मंडळाच्या कामावर कंत्राटी लागला आहे, कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. वाकून नमस्कार केला. मी म्हटले, "तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं राहिलंय." त्याला काही आठवेना. मी आठवीचा वर्ग, सुरई, चित्रपट, सारे सांगितले. तो हसला. म्हणाला, "ते नाही ध्यानात सर. रंगपेटी आणली नव्हती म्हणून तुम्ही बाकावर उभं केलं होतं, ते आहे."

त्याची गाडी लागली. तो गर्दीत शिरून मुलीसाठी खिडकीची जागा धरू लागला. मी खाली उभा होतो. खिडकीतून त्याने विचारले, "सर, काय होता तो प्रश्न?" मी सांगितला. त्याने मुलीला मांडीवर नीट बसवले, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग? काय करायला पाहिजे होतं त्यानं?"

बारा वर्षांत पुन्हा पाहिला, विचार केला, हा एवढा लेख लिहिण्याइतके त्यावर बोलता येऊ लागले. तरी जब्याने काय करायला हवे होते, ते मला सांगता आले नाही. मी म्हणालो, "त्यानं केलं ते ठीकच केलं. आम्ही काय करायला पाहिजे होतं, तो प्रश्न आहे." वाहकाने घंटी दिली. ऐकू गेले की नाही, कोण जाणे. त्याने हात केला, मुलीचाही हात धरून हलवला आणि गाडी स्थानकाबाहेर पडली.